मित्राची सेकंडहँड गाडी: पाच बघितल्या, सगळ्यात बोअर वाटलेली घेतली

तर प्रकरण असं. मित्राला गाडी घ्यायची होती, जुनीच, कारण नवीचं बजेट नव्हतं. घरात चार माणसं, तो, वहिनी, साडेपाच वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांचं बाळ. आधी त्याच्याकडे दोन दरवाज्यांची बारकी हलकी गाडी होती, पॉवर काही विशेष नाही पण वळणावर अशी फिरायची की हा माणूस कारण नसताना चक्कर मारून यायचा, बाळ झालं आणि मागच्या सीटवर पोरं कोंबताना वहिनींची पाठ धरली, मग ती विकावी लागली. त्याचं दुःख अजून ताजं होतं.

अटी दोघांच्या वेगळ्या. वहिनी म्हणाल्या दोन चाइल्ड सीट, बाबागाडी आणि दोन बॅगा बसल्या पाहिजेत, गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये आणि मलाही चालवायची आहे तेव्हा जहाज नको. हा म्हणाला, चालवताना झोप नाही आली पाहिजे. मी मेकॅनिक नाही, पण ओळखीत कोणी जुनी गाडी घेणार असेल तर मला टॉर्च घेऊन बोलावतात, तसं याही वेळी बोलावलं.

आकडे देत नाही कारण प्रत्येकाचे वेगळे, बजेट शंभर धरा. मित्र शंभरच्या शंभर गाडीवर घालायला निघाला होता. पहिलं भांडण इथेच झालं. मी म्हणलं गाडी ऐंशीच्या आत बघायची, वीस हातात ठेवायचे, कारण दहा वर्षांची गाडी घेतली की पहिल्या तीन महिन्यांत ती काही ना काही मागतेच, तेव्हा पैसे नसले की माणूस टायर ढकलतो, मग शॉकअप ढकलतो, आणि मग दोन वर्षं "गाडीत मजा नाही रे" म्हणत फिरतो. तो म्हणाला ऐंशीत काय येणार, डबडं. वहिनी माझ्या बाजूने आल्या म्हणून जमलं, नाहीतर त्याने ऐकलं नसतं.

दुसरं भांडण पॉवरवरून. त्याने एक मोठी टर्बो सेडान हेरून ठेवली होती, १९० हॉर्सपॉवर, वजन साधारण १,६०० किलो. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, १,२०० किलोच्या गाडीत १४० हॉर्सपॉवर असली तर टनाला ११७ पडतात, याच्या सेडानला टनाला ११९, म्हणजे पळायला दोन्ही जवळपास सारख्याच, पण त्या चारशे किलोंचा हप्ता रोज भरायचा, ब्रेकमध्ये, टायरमध्ये, पेट्रोलमध्ये आणि प्रत्येक वळणावर. याला जुनी गाडी आवडायची ती हलकी होती म्हणून, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, त्याला वाटायचं तिचा आवाज भारी होता म्हणून.

तरी ती सेडान बघायला गेलोच, कारण न बघता सोडली असती तर आयुष्यभर ऐकवलं असतं. बाहेरून राणी. चार टायर तीन कंपन्यांचे, तिथेच मी निम्मा उतरलो, ज्याने एवढ्या महागड्या गाडीला मिळेल तो टायर लावला त्याने गिअरबॉक्सचं ऑईल वेळेवर बदललं असेल यावर कोण विश्वास ठेवणार. टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं तर "बदललाय, बदललाय", बिल नाही. हा बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवतो, रबरी असतो, त्याला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, आणि ज्या इंजिनमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हला एकच जागा आळीपाळीने वापरावी लागते तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. त्यात ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लचवाला आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, हळू ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात हिसके देत होता. ड्युअल क्लच सगळे वाईट नसतात, पण जुन्यात घेताना कोणता आहे ते बघावंच लागतं, फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमध्ये साधारण २०११ ते २०१६ च्या मॉडेलमधला ड्राय क्लचवाला (क्लच तेलात न बुडलेला) गिअरबॉक्स एवढा बदनाम झाला की अमेरिकेत कंपनीवर ग्राहकांनी सामूहिक खटला भरला. आणि गंमत म्हणजे त्याच फोकसचं मॅन्युअल चालवायला मस्त.

दुसरी एक डिझेल स्टेशन वॅगन होती, डिकी बघून वहिनी खूश. पण मित्राचं ऑफिस सात किलोमीटरवर. नव्या डिझेलमध्ये एक्झॉस्टला काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ, तो साफ व्हायला गाडी गरम होऊन बराच वेळ सलग पळावी लागते, रोज सात किलोमीटर जाऊन बंद केली तर फिल्टर तुंबत जातो. ज्याचं रनिंग हायवेचं त्याने खुशाल घ्यावी. ही सोडली.

तिसरी गाडी म्हणजे मित्राचं प्रेम. लाल हॅचबॅक, अठरा इंची व्हील, आत परफ्यूम. आम्ही फोनवर बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, पोचल्यावर मी पहिलं काम केलं बोनेटवर हात ठेवला. कोमट. म्हणजे सकाळीच चालू करून ठेवलेली. याचा अर्थ लगेच चोर असा नाही, पण थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जेवढं खरं बोलतं तेवढं नंतर बोलत नाही, टायमिंग चेन (काही इंजिनांत टायमिंग बेल्टच्या जागी असते ती) सैल असेल तर तो दोन सेकंदांचा खडखडाट, सायलेन्सरमधून निळा धूर, सगळं त्याच वेळी. मग ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचायचं, छोटं स्कॅनर लावलं. एरर एकही नाही. मित्र माझ्याकडे बघून हसला. मी म्हणलं थांब, त्याच्याखालचं पान बघ. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्याच काही तपासण्या करत असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची वगैरे, आणि कोणी एरर पुसले की या तपासण्या परत "अपूर्ण" दाखवतात, थोडे दिवस गाडी वेगवेगळ्या प्रकारे चालल्यावरच पूर्ण होतात. इथे जवळपास सगळ्या अपूर्ण. विकणारा म्हणाला बॅटरी बदलली परवा. असू शकतं, बॅटरी काढली तरी असंच होतं, म्हणून मी म्हणलं ठीक आहे, आठवड्याने परत येतो तोवर चालवा. त्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. पेंटची जाडी मोजायचं मीटर फिरवलं तर दरवाज्यांवर १२० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे कंपनीचा रंग, आणि मागच्या डाव्या फेंडरवर थेट ७०० च्या वर. एवढी जाडी नुसत्या रंगाने येत नाही, खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. रंग परत मारलेला असणं हा गुन्हा नाही, पार्किंगमध्ये ओरखडा पडला म्हणून लोक मारतात, पण डिकीचं कार्पेट उचललं तर स्पेअर व्हीलच्या खड्ड्याच्या कडेला पत्रा चुण्या पडून सरळ केलेला दिसत होता. तिथे कोणी ओरखडा काढायला जात नाही. परत येताना मित्र गाडीत अर्धा तास बोलला नाही.

इथे जरा थांबून एक सांगतो, कारण पुढची गाडी का घेतली ते त्याशिवाय कळणार नाही. चालवायला मजा कशाने येते? एक भाग गाडीच्या जन्मातच असतो, वजन, स्टिअरिंगची रचना, मागचं सस्पेन्शन, बसायची जागा. हे नंतर बदलता येत नाही. फोर्ड फोकस १९९८ ला आली तेव्हा त्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना मागे साधा बीम असायचा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याने जोडलेली, फोकसला मल्टिलिंक दिलं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतःच्या वेगळ्या दांड्यांवर, त्यातला एक दांडा पत्रा दाबून केलेला वापरून स्वस्तात बसवलं, आणि साध्या घरगुती गाडीलाही वळणावर अक्कल असू शकते हे लोकांना कळलं, पुढच्या वर्षी तिला युरोपची कार ऑफ द इयर मिळाली, आणि २००३ च्या पाचव्या पिढीच्या गोल्फमध्ये फोक्सवॅगनही मल्टिलिंकवर गेली. म्हणून बीम म्हणजे वाईट असंही नाही बरं का, माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये परत बीम लावला आणि गाडी चांगलीच चालते. ट्यूनिंग कोणी केलंय त्यावर असतं. हे सगळं त्या मॉडेलच्या जुन्या रोड टेस्ट वाचून कळतं, त्यासाठी गाडी दारात आणावी लागत नाही.

दुसरा भाग झिजणारा. टायर, शॉकअप, सस्पेन्शनचे रबरी बुश, अलाइनमेंट. दहा वर्षांच्या गाडीत हे सगळं संपलेलं असतं आणि चालवणाऱ्याला पत्ताही नसतो, कारण रोज थोडं थोडं संपतं. लोक टेस्ट ड्राइव्ह घेऊन म्हणतात गाडी मेलेली आहे, तेव्हा बऱ्याच वेळा मेलेली असते ती हीच मंडळी, आणि ही बदलून मिळतात. मार खाल्लेली बॉडी बदलून मिळत नाही.

चौथी गाडी बघायला आम्ही जवळजवळ गेलोच नव्हतो. करडा रंग, पाच दरवाज्यांची हॅचबॅक, साधं विनाटर्बो पेट्रोल इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, सोळा इंची व्हील, फोटो इतके वाईट की एकात विकणाऱ्याचा अंगठा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर लोक तेच मॉडेल शोधत बसतात, आणि त्याच मॉडेलच्या दहा गाड्यांतल्या सात घेऊ नये अशा असतात. वजन १,२५० किलोच्या आत, मागे मल्टिलिंक, बेल्टऐवजी टायमिंग चेन, आणि नवी होती तेव्हा सगळ्या रोड टेस्टमध्ये हँडलिंगचं कौतुक झालेलं, एवढं पुरे. स्टॅबिलिटी कंट्रोल होतं, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारं, ही माझी स्वतःची अट, पोरं मागे बसणार म्हटल्यावर यात तडजोड नाही. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाडीत मात्र आहे की नाही ते बघूनच घ्यावं लागतं.

मालक वयस्कर गृहस्थ, कमी बोलणारे. गाडी थंड होती, हात लावून बघितलं. ९२ हजार किलोमीटर. मी सर्व्हिसची बिलं मागितली तर त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडून एक वही काढली, कडेला दोऱ्याने बॉलपेन बांधलेलं. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार करून ॲव्हरेज. दहा वर्षं. मी पानं उलटत होतो, आकडा साधारण एकाच जागी, आणि मध्येच एका ठिकाणी दोन महिने तो जवळजवळ दीडने खाली आलेला, त्याच्यापुढे बारीक अक्षरात "थर्मोस्टॅट बदलला", आणि पुढच्या ओळीपासून परत जागेवर. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन पुरतं गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं, बरोबर तेच झालेलं. म्हणजे या माणसाने दिवा लागायची वाट बघितली नव्हती, वहीतला आकडा हलला म्हणून गाडी दाखवली होती. ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल, सगळ्याच्या तारखा. ब्रेक ऑईल दोन दोन वर्षांनी बदललेलं, हे तर कोणीच करत नाही, ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग तापल्यावर ब्रेक मऊ पडतो हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. मी वही मित्राकडे दिली. त्याने दोन पानं बघून मिटली आणि विचारलं, "पण चालते कशी?"

चालायची वाईट. फोर्डचे एक नावाजलेले इंजिनिअर होते, रिचर्ड पॅरी-जोन्स, पहिल्या फोकसच्या मागे तेच, पहिल्या पन्नास मीटरमध्ये गाडीचं बरंच काही कळतं असं ते मानायचे. इथे पन्नास मीटरमध्ये मित्राने माझ्याकडे असं बघितलं की मीच गाडी विकतोय. स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढत होतं, मध्ये सैलसर, उंचवटा गेल्यावर गाडी एकदा खाली बसायची आणि मग परत एकदा, होडीसारखी, आणि टायरचा घूं आवाज. "ही तर बैलगाडी आहे." मी म्हणलं चालवत राहा, मी सांगतो तेवढं कर. तिसऱ्या गिअरमध्ये कमी स्पीडवरून एकदम ॲक्सिलेटर दाबायला लावला, क्लच घसरला नाही, फक्त पेडल जरा वर पकडत होतं, म्हणजे क्लच थोडा झिजलेला. उतारावर गिअरमध्ये पाय काढून सोडली आणि खाली आल्यावर दाबली, मी मागच्या काचेतून बघत होतो, निळा धूर नाही. गिअर लोण्यासारखे पडत होते, हे मित्रानेही मान्य केलं. रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, सरळ थांबली.

मग वाकून टॉर्च मारला. मागचा डावा शॉकअप तेलाने माखलेला, बाकीचे तिन्ही कंपनीचेच, म्हणजे ९२ हजार चाललेले. पुढच्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशला भेगा. टायरच्या साइडवॉलवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, त्यावरून टायर आठ वर्षांचे निघाले, नक्षी अजून ४ मिलिमीटर शिल्लक पण नख रुतत नव्हतं, रबर लाकूड झालेलं. मी खाली पडल्या पडल्या हसत होतो. मित्राला वाटलं मला काहीतरी लागलं. अरे, म्हणलं, ही बैलगाडी का आहे त्याची सगळी कारणं इथे लटकलीयत, आणि यातलं एकही महाग नाही. पत्रा बघितला, मीटर सगळीकडे एकसारखं, दरवाज्याचे बोल्ट कधी फिरवलेले नाहीत.

वहिनींनी दरम्यान खरी टेस्ट घेतली. त्या बाळाची सीट घरून घेऊनच आल्या होत्या, आणि हे जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक आईबापाने करावं असं माझं ठाम मत झालंय. मागे तोंड करून बसवायची सीट पुढून-मागे फार जागा खाते. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हुक सीटच्या फटीत बोटं घालून शोधले, सीट सरकवली, दोन्ही बाजूंना खट खट झालं, हिरवी खूण आली, आणि मग ड्रायव्हर सीट मागे घ्यायला गेलो तर मित्राचे गुडघे डॅशबोर्डजवळ. सहा फुटी माणूस. बाळाची सीट डाव्या-उजव्या बाजूला बदलून बघितली, शेवटी ती पुढच्या प्रवाशाच्या मागे ठेवायची आणि ड्रायव्हरच्या मागे मुलीची, पुढे तोंड असलेली, असं ठरलं. ड्रायव्हर सीट मित्राला लागते तेवढी मागे गेली. लाल हॅचबॅकमध्ये हे आम्ही बघितलंच नव्हतं, तिथे सगळे परफ्यूममध्ये अडकलेले.

पाचवी गाडी ठरलेली होती म्हणून बघून आलो, ठीक होती, त्याच दर्जाची, पण वही नव्हती.

मालकांनी ७९ मागितले होते. मी शॉकअप, टायर, बुश आणि क्लच कधी ना कधी लागेल हे एकेक करून सांगितलं, गाडीला नावं ठेवली नाहीत, तशी ठेवली असती तर त्या माणसाने वही काढून घेऊन आम्हाला घरी पाठवलं असतं. ७४ ला झालं. कागद करायच्या आधी चॅसी नंबर पत्र्यावरचा, काचेखालचा आणि कागदावरचा असा तिन्ही ठिकाणी जुळवला.

हातात २६ राहिले. टायरला ८ गेले, चारही शॉकअप वरच्या माउंटसकट ७, बुश २, सगळी ऑईलं, फिल्टर आणि बाहेरचा बेल्ट (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा, टायमिंगचा नाही) ३, अलाइनमेंट एकाच्या आत. मित्राचं म्हणणं शॉकअप फक्त गळका एकच बदलू. एकच बदलला तर त्या ॲक्सलवर डावं-उजवं वेगळं वागतं, निदान जोडीने तरी बदलायचे, आणि मागचे नवे-पुढचे थकलेले अशी गाडी चालवून मला त्याचं परत ऐकायचं नव्हतं. अठरा इंची व्हीलचा विषय त्याने एकदा काढला. सोळाला साइडवॉल जाड, खड्ड्यात पोरांची झोप मोडत नाही आणि टायर स्वस्त, त्या पैशात वरच्या दर्जाचा टायर येतो, आणि पकड टायरची असते, रिमची नाही. वहिनींनी "नाही" म्हटलं आणि तो विषय संपला.

माझी एक चूक झाली ती पण लिहितो. टायर बदलले तरी घूं आवाज पूर्ण गेला नाही. मी टेस्टमध्ये सगळा आवाज म्हाताऱ्या टायरच्या नावावर टाकला होता, त्याच्या आड मागच्या चाकाचं एक बेअरिंग आवाज करत होतं. डावीकडे-उजवीकडे हलकं वळवून बघितलं असतं तर वजन एका बाजूला गेल्यावर आवाज बदलला असता आणि तेव्हाच कळलं असतं. अजून २ गेले. मित्राने चहाटळपणे वहीत नोंद केली, "बेअरिंग, तज्ज्ञांच्या कृपेने". हो, वही मालकांनी गाडीबरोबरच दिली, बॉलपेनासकट.

अलाइनमेंट झाल्या झाल्या घाटाच्या रस्त्याला आम्ही दोघंच गेलो. पहिल्या दोन वळणांवर तो काही बोलला नाही. तिसऱ्याला त्याने दुसरा गिअर टाकला, गाडी एका झटक्यात बसली आणि वळण संपेपर्यंत तशीच राहिली, परत सावरायला लागली नाही, उंचवट्यावरून गेली तर एकदाच खाली आणि बास. तो म्हणाला, "ही ती नाहीच." तीच होती. जोर जुन्या टर्बोवाल्यांसारखा नाही, चढाला गिअर खाली टाकावा लागतो, पण त्याला तेच करायचं असतं.

आता सहा महिने झाले, क्लच अजून टिकून आहे, हातातले उरलेले तीन त्याच्यासाठीच ठेवलेत. तक्रार म्हणाल तर एकच. परवा फोनवर सांगत होता, रोज गाडीत बसायला गेलं की सीट पुढे सरकलेली असते, आरसे खाली वळवलेले, आणि वहीत पेट्रोलच्या नोंदी त्याच्या हिशोबापेक्षा जास्त.